गाडगेबाबांची धर्मशाळा आणि आपली पंगत

(गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, दिंडीच्या मंडळींपुढे केलेलं बोलणं. नातवानं उतरवून घेतलं, मी ऐकून दुरुस्त केलं.)



मला सांगितलं की बुवा, शंभर वर्षं झाली दिंडीला, पुस्तक निघणार आहे, तुम्ही चार शब्द बोला, ते आम्ही छापू. मी चौथी शिकलेला माणूस. कीर्तनात बोलायला लागलो तर रात्र सरते, पण छापायचं म्हटलं की जीभ अडखळते. म्हणून आधीच सांगतो, आज पूर्वरंग नाय, उत्तररंग नाय. एका परटाची गोष्ट सांगणार, आणि तिच्या पोटात दुसऱ्या परटाची गोष्ट आहे. मधे माझी एक चूक आहे, तीपण सांगणार. ती लपवली तर गोष्ट पुढं सरकत नाय.

पहिला परीट तुम्हाला ठाऊक आहे. देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. जग त्यांना गाडगेबाबा म्हणतं. आपल्या मंडपात त्यांचा फोटो आहे, हातात खराटा, डोक्यावर खापर. पोरं विचारतात, डोक्यावर काय आहे? फुटक्या गाडग्याचा तुकडा आहे तो. त्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तोच डोक्यावर. अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा. आता परटाच्या घरी जन्मलेला माणूस, ज्याच्या घरात गावाचे कपडे पांढरे होतात, तो स्वतः चिंध्या का घालतो? हा प्रश्न मला लहानपणी पडला होता, माझ्या आज्याला विचारला तर त्यानं मला टपली मारली. उत्तर त्यालाही येत नव्हतं.

झिंगराजी दारूनं गेले. घर गेलं. देबू लहान, आई सखुबाई पोराला घेऊन भावाकडे गेली, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला. परटाचं पोर मामाकडे गुरं राखायला लागलं, मग नांगर धरला. चांगला शेतकरी झाला. अंगात ताकद, गळा गोड, रात्री भजनात पुढं. पण मामाच्या जमिनीवर सावकाराचं कर्ज, कागदावर अंगठा, आणि कागदात काय लिहिलंय ते वाचायला घरात कोणी नाय. जमीन गेली. चरित्रात सांगतात की सावकाराची माणसं शेतात आली तेव्हा देबूनं त्यांना उभ्या शेतातून हाकललं. पण एकदा अंगठा गेला तो परत येतो का? तो धक्का घेऊनच मामा गेले.

आपल्या इकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९७० ला सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनीवर शहर उठलं. आपल्या बापजाद्यांनी पण अंगठे दिलेत. १९८४ ला जासईला गोळ्या झाल्या, आपली पाच माणसं गेली, दि. बा. पाटील साहेब उभे राहिले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के हातात आले. असो, तो विषय काढला तर हा मंडप पहाटेपर्यंत उठणार नाय.

म्हणून गाडगेबाबा प्रत्येक कीर्तनात पोरांच्या शाळेचं बोलायचे. देवाला कोंबडं-बकरं कापू नका, कर्ज काढून लग्न-तेराव्याची पंगत घालू नका, दारू पिऊ नका, ताटवाटी नसली तरी चालेल पण पोर शाळेत घाला. बाप दारूत गेला, मामाची जमीन कागदात गेली, स्वतःला अक्षर येत नव्हतं. जे अंगावर आलं तेच ते लोकांना सांगत होते. पहिली मुलगी झाली, अलोका, तिच्या बारशाला भावकीला मटण-दारू हवी होती. रीतच होती तशी. यांनी गोड जेवण वाढलं. भावकी रागावली. रागावू दे म्हणाले. माझ्या आगरी-कोळी बांधवांनो, हळदीच्या रात्री आपल्याकडे काय चालतं ते मी इथं बोलत नाय. तुम्ही हसताय म्हणजे कळलं तुम्हाला.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे घर सोडलं. वय अठ्ठावीस. बायको कुंताबाई, पोरं मागं. बारा वर्षं भटकले. ज्या गावात जायचे तिथं आधी खराटा घ्यायचे. गाव झाडायचं, गटार काढायचं, मग कोणी भाकरी दिली तर ती गाडग्यात घ्यायची. काम आधी, भाकरी मागून. संध्याकाळी कीर्तन. ऋणमोचनला पूर्णा नदीवर यात्रा भरायची, माणसं चिखलात घसरायची, तिथं घाट बांधून घेतला.

आता पंढरपूर. आपण इथून निघतो, पनवेल, खोपोली, खंडाळ्याचा घाट चढून देहू-आळंदी गाठतो, मग माउलींच्या मागं सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर करत वाखरीला पोचतो. पाय सुजलेले असतात. पंढरपुरात पोचलं की माणसाला दोन गोष्टी हव्यात, दर्शन आणि पाठ टेकायला जागा. शंभर-एक वर्षांपूर्वी, म्हणजे आपली दिंडी नवी होती त्या काळात, महार-मांग वारकरी तेवढंच चालून यायचा, त्याला दर्शन तर नव्हतंच, जागा पण नव्हती. धर्मशाळा होत्या, पण त्या त्या जातीच्या. तो वाळवंटात पडायचा. पाऊस आला की भिजायचा. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. मंदिराचं दार सगळ्यांना उघडलं १९४७ ला, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. धर्मशाळेचं दार त्याच्या कितीतरी आधी उघडं होतं. आणि बाबा स्वतः? पंढरपुरात येऊन ते राउळात जायचे नाहीत. वाळवंट झाडायचे. लाखो माणसं जिथं बसतात-उठतात तिथली घाण कोण काढणार? परीट काढणार. गावाचा मळ काढणं हाच त्याचा धंदा.

पुढं नाशिक, देहू, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ठिकठिकाणी धर्मशाळा झाल्या. सदावर्त झाली, आंधळ्या-पांगळ्यांना जेवण, घोंगड्या. पैसा लोकांचा. श्रीमंतांनी दिला, गरिबानं आणा दिला. यातली एक गोष्ट दिंडीच्या हिशेबनीसांनी नीट ऐकावी. बाबांनी यातली एकही इमारत स्वतःच्या नावावर ठेवली नाय. विश्वस्त नेमले, आणि घरच्या माणसांना त्यात हक्क ठेवला नाय. बायको-पोरं झोपडीत राहिली. चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ ला बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांच्या शिक्षणासाठी. आपण एक लोटा दान केला तरी त्यावर नाव खोदतो. मी पण खोदलंय. स्वयंपाकाचं ते मोठं पातेलं आहे ना, त्यावर माझ्या बापाचं नाव आहे, आणि ते नाव पुसट झालं तेव्हा मी परत खोदून घेतलं.

१९२३ ला त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रं चावून वारला. कोकणात कीर्तन चालू होतं, तिथं निरोप आला. बाबांनी निरोप ऐकला आणि कीर्तन पुरं केलं. मी चाळीस वर्षं कीर्तन करतो, हा प्रसंग मी पन्नासदा सांगितला असेल, लोकांचे डोळे पुसायला लावले असतील. बिदागी पण घेतली. पण मला तो कळला नव्हता. मला वाटायचं, केवढं हे वैराग्य. आता वाटतं, ते वैराग्य होतं का ते मला माहीत नाय. समोर हजार माणसं बसलेली, त्यातल्या कुणाचं पोर गेलेलं असेलच. ज्याचं दुःख ताजं असतं त्याला ती माणसं लगेच दिसतात. हे मला कसं कळलं ते पुढं येईल.

आता माझी चूक.

साल सांगत नाय, पण मी दिंडीत पंगतीच्या व्यवस्थेला होतो. नातेपुत्याचा मुक्काम. दुपारपासून पाऊस, चूल पेटेना, सामानाचा ट्रक उशिरा आलेला, माणसं भुकेली, मी तापलेलो. पंगत बसली. एक माणूस शेवटाला येऊन बसला. कपडे इतके मळके की रंग सांगता येणार नाय. बगलेत गाठोडं. अंगाला वास. शेजारची दोन माणसं सरकली. मी गेलो आणि बोललो, "ऊठ, ही दिंडीची पंगत हाय. तुझी दिंडी कुठली?" तो काही बोलला नाय. समोर पत्रावळ मांडलेली, वाढप्या अजून यायचा होता. त्यानं ती पत्रावळ उचलली, नीट घडी केली, आधीच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली, आणि गेला. कोरी पत्रावळ वाया जाऊ नये म्हणून परत ठेवून गेला, माउली. गळ्यात माळ होती का ते मी बघितलं नाय. बघायला पाहिजे होतं असंही म्हणत नाय. माळ नसती तर काय त्याला भूक नव्हती?

त्या रात्री मी पिठलं-भात जेवलो आणि झोपलो. काही वाटलं नाय, हे खरं सांगतो.

मग काही वर्षांनी घरची आजारी पडली. तोंडातली गाठ. तिला मशेरीची सवय, आपल्याकडच्या सगळ्या बायांना असते, पोरीबाळींनो ऐका. परळला नेली. टाटांचं रुग्णालय तिथं १९४१ पासून आहे, देशभरातून माणूस येतो. आपण तर जवळचे, हार्बरची गाडी धरायची, कुर्ल्याला बदलायची. रोज पहाटे निघायचो. शेक चालू झाल्यावर तिला तोंडातून पाणी जाईना. एका संध्याकाळी कुर्ल्याच्या पुलावर ती बसलीच. गर्दी आमच्या अंगावरून जात होती. त्या दिवशी घरी गेलोच नाय. परळच्या बाजूला एका धर्मशाळेची ओळख कोणीतरी सांगितली होती, तिथं रिक्षा-टॅक्सी करत पोचलो. रात्रीचे साडेनऊ. मी कीर्तनकार, पांढरं धोतर मळलेलं, तिच्या लाळेचे डाग खांद्यावर, हातात कागदांची पिशवी. दारात एक पोरगा होता, विशीतला. मी नाव-गाव सांगायला लागलो, केसपेपर काढायला लागलो. तो बोलला, "बाबा, आधी बसा. जेवा. नाव नंतर लिहू."

मंडळी, मला जेवण गेलं नाय. समोर ताट होतं, वरण-भात होता, आणि मला नातेपुत्याची ती घडी केलेली पत्रावळ दिसत होती.

आम्ही तिथं अठरा दिवस काढले. कोण कोण होतं सांगू? बिहारचा एक बाप, मांडीवर पाच वर्षांची पोर. नांदेडची सासू-सून. बंगालचा शिंपी. परभणीचा एक माळकरी, ज्यानं बैलजोडी विकून मुलाला आणलेला. संध्याकाळी मी हळू आवाजात हरिपाठ म्हणायचो, तो माळकरी म्हणायचा, मग ती बिहारची पोर टाळी वाजवायची. तेव्हा मला गोविंदाचा प्रसंग कळला. माझी बायको आत विव्हळत होती आणि मी बाहेर हरिपाठ म्हणत होतो. वैराग्य कसलं, पाय लटपटत होते. पण समोरच्या चार माणसांना त्या वेळी तेच पाहिजे होतं, आणि मलाही.

गाडगेबाबांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली, ती देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी नव्हे, आजाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी. पंढरपुरापासून सुरू झालेला माणूस रुग्णालयाच्या दारात पोचला. पुढं त्यांच्या नावानं दादरला धर्मशाळा झाली, तिथं आजही कर्करोगाचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. औषध डॉक्टर देतो. पण पेशंटसोबत आलेला माणूस कुठं झोपतो, काय खातो, कुठं अंघोळ करतो, हे कोण बघणार?

माझी घरची त्यानंतर सहा वर्षं जगली. दोन वाऱ्या केल्या तिनं. दिंडीतल्या बायांना आठवत असेल, पातळ पेजेवर वारी करायची, तरी सगळ्यांच्या पुढं.

आता दुसरा परीट.

त्याचं नाव मी घेणार नाय, त्यानं हात जोडून सांगितलंय. नाव घेतलं तर उठून जाईन बोलला. तुम्ही सगळे ओळखता. आपल्या गावठाणातलं परटाचं घर. ज्याची जमीन गेली त्याला साडेबारा टक्के आले, घरावर मजले चढले, पण परटाची जमीन नव्हतीच. तो बलुत्यावर जगणारा. भात निघालं की खळ्यावर यायचा, सूपभर घेऊन जायचा. खळं गेलं, बलुतं गेलं, खाडीकाठचा त्याचा धोंडा पण भरावाखाली गेला. त्याला काय मिळालं? मग त्यानं सेक्टरमध्ये इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल टाकलं.

त्याचा मुलगा बारावीत असताना रक्ताच्या आजारानं गेला. चाळीस दिवस बाप रुग्णालयाबाहेर झोपला, कधी प्लॅटफॉर्मवर, कधी फुटपाथवर वर्तमानपत्र टाकून. पोराला घेऊन परत आला तो रुग्णवाहिकेतून. वर्षभर इस्त्रीचं टेबल बंद.

माझ्या घरचीला मी परळहून आणली तेव्हा तिच्या अंथरुणाच्या चादरी रोज दोन-तीन निघायच्या. रक्त, उलटी, लाळ. सुना चांगल्या माझ्या, पण नाकाला पदर लावायच्या. एक दिवस हा परीट दारात आला. "बुवा, चादरी द्या." मी बोललो, "अरे दादा, त्या चादरी तशा नाहीत." तो बोलला, "मला म्हाईत हाय कशा असतात. माझ्या पोराच्या मीच धुतल्यात."

पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी चादरी आल्या त्या कोऱ्यासारख्या. कसं केलं विचारलं तर सांगायला लागला, आणि त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा तो इतका बोलला असेल. रक्ताचा डाग असला तर आधी गार पाणी, गरम घातलं की डाग पक्का बसतो. मग सोडा घालून भट्टीत उकळायचं. मग धोंड्यावर, पण जुनं कापड असलं तर आपटायचं नाय, तुडवायचं. उन्हात पालथं वाळवायचं. शेवटी कडक इस्त्री, शिवणीवर दोनदा, कारण उवांची अंडी शिवणीत बसतात. असला हिशेब.

तिथून त्याचं सुरू झालं. ज्या इमारतींत तो इस्त्रीचे कपडे गोळा करतो तिथं विचारायला लागला, ताई, जुनी चादर आहे का? लोक टाकूनच देत होते. मधे विरलेली चादर असते, कडेला चांगली. तो मधून उभी फाडतो, कडेच्या बाजू मधे घेऊन शिवतो, विरलेला भाग कडेला जातो आणि दुमडून बसतो. चादर परत चार-पाच वर्षं चालते. धुवायची, उकळायची, इस्त्री करायची, आणि रविवारी गठ्ठा बांधून रुग्णालयाबाहेर झोपणाऱ्या माणसांना द्यायची. आता परळलाच जायला नको, खारघरला टाटांचं केंद्र आहे, आपल्याच दारात. दुसरी पण रुग्णालयं आहेत. माणसं बाहेर झोपतातच.

आणि मळलेली चादर परत घेतो, स्वच्छ देतो. हे मला फार आवडलं. दान देऊन मोकळा होत नाय. त्याची चादर त्यालाच ओळखू येते, कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण असते. परटाची जुनी रीत, बिब्ब्याचा डाग कितीही धुतला तरी जात नाय. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण वेगळी. या चादरींना त्यानं पोराच्या नावाचं पहिलं अक्षर घातलंय. आता अशा दोनशेच्या वर चादरी फिरतात. तीन वर्षांपूर्वी मी त्याला बोललो, दादा, संस्था काढू, नोंदणी करू. तो बोलला, "बुवा, पावत्या फाडायला लागलो तर धुवायचं कोण?" त्याचं म्हणणं मला अर्धंच पटतं. बाबांनी विश्वस्त नेमले ते उगाच नव्हे. एका माणसाच्या कमरेवर उभं असलेलं काम ती कंबर वाकली की बसतं. आणि त्याची कंबर वाकायला लागली आहे, गेल्या पावसाळ्यात महिनाभर झोपून होता, चादरी तुंबल्या.

त्याच्यासोबत आपल्यातल्या काही बाया दर रविवारी पेज घेऊन जातात, घरचीच्या नावानं मी ते सुरू केलं. दोन किलो तांदळाच्या कण्या, पंधरा-सोळा लिटर पेज, थोडं मीठ, वर तूप. ज्याला गिळता येत नाय त्याला गाळून. साठेक वाट्या होतात. बस, एवढंच आमचं. अन्नछत्र-बिन्नछत्र म्हणू नका त्याला.

वारीत बघता तुम्ही, पालखी मुक्कामाला आली की चांभार बांधव चपला शिवायला बसतात, नाभिक बांधव दाढी-कटिंग करतात, परीट कपडे धुऊन इस्त्री करून देतात, पैसा घेत नाहीत. हातातला धंदा हीच त्यांची सेवा. आपण शेतकरी काय करतो? टाळ वाजवतो. वाजवावा, मी पण वाजवतो.

आता मंडळातल्या वादावर येतो, कारण त्याच्यासाठीच मला बोलवलं आहे, आणि मी कुठल्या बाजूचा ते सगळ्यांना आधीच माहीत आहे. शताब्दीचा निधी जमलाय. चांगला जमलाय, कधी नव्हे एवढा. एक म्हणणं आहे की मंदिराला संगमरवर आणि गावाच्या तोंडाशी कमान, तिच्यावर दिंडीचं नाव. दुसरं म्हणणं आहे की खारघरच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या, आजाऱ्याच्या नातेवाइकांना पाठ टेकायला, आणि एक मोठं कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं, उकळत्या पाण्यावर चालणारं. कमानवाल्यांना मी वाईट म्हणत नाय. त्यांच्यातले चार जण माझ्या बरोबरीनं आळंदीपासून चाललेत, पाय त्यांचे पण सुजलेत. शहरात आपलं गाव शोधायला लागतं, दोन टॉवरच्या मधे कुठंतरी, तर पाटी असावी असं वाटणं चुकीचं नाय. माझ्या नातवाला पण कमानच पाहिजे. त्याला भांडलो मी काल.

पण खोल्या घेतल्या तर कोणाच्या नावावर, चावी कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, हे आधी ठरवा. तीन विश्वस्त नेमा, त्यात एक बाई असू दे, आणि माझ्या घरातलं कोणी नको, परटाच्या घरातलं पण नको, तो स्वतः तेच सांगतो. जात विचारायची नाय, माळ बघायची नाय, दिंडी कुठली ते विचारायचं नाय. वहीत नाव दुसऱ्या दिवशी लिहायचं. बाहेरचा पेशंट कोणत्या राज्यातला आहे याच्यावरून कोणी मला टोमणा मारला तर त्या बिहारच्या पोरीची गोष्ट मी त्याच्या घरी येऊन सांगेन, चहा घेतल्याशिवाय.

एक शंका बाईमाणसांनी काढली, ती खरी आहे. रात्री तिथं कोण थांबणार? मी थांबतो. घरी मला कोण आहे आता, सुना-पोरं आपापल्या कामात. बारा गुंठे शेत राहिलंय, त्याला रात्री माणूस लागत नाय. आठवड्यातल्या चार रात्री माझ्या. उरलेल्या तीन रात्रींना नावं द्या.

गाडगेबाबांनी मुंबईत वांद्र्याला शेवटचं कीर्तन केलं नोव्हेंबर १९५६ मध्ये. ते मुद्रित झालेलं आहे, नातवानं मला फोनवर ऐकवलं. वऱ्हाडी बोली, आवाज बसलेला, मधेच लोकांना प्रश्न विचारतात आणि लोक उत्तर देतात, जणू ओट्यावर बसून गप्पा चालल्यात. पुढच्या महिन्यात ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला नेताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले. धर्मशाळेत पण नाय, घरात पण नाय. रस्त्यात.

तर आता आरती होईल, मग प्रसाद. त्याआधी एक काम. दारात चपलांजवळ जो माणूस बसलाय, त्याच्या समोर मोठा पांढरा गठ्ठा आहे. आज सकाळी सांगितल्याप्रमाणे ज्यांनी घरून जुन्या चादरी आणल्यात त्यांनी तिथं द्याव्यात. फाटलेली चालेल, तेलकट चालेल, रक्ताची असली तर वेगळी सांगा, तो गार पाण्यात टाकेल. नायलॉनची नको, ती इस्त्रीला वितळते. आणि त्याच्या पाया पडायला जाऊ नका. गेल्या वेळी दोघी पडल्या तर तो आठ दिवस मंडपाकडे फिरकला नाय.

आणि पंगतीत आज मी वाढायला आहे. शेवटच्या ओळीपासून सुरू करतोय, पुढच्यांनी ओरडू नका.

रामकृष्ण हरी.